उजव्या ओटीपोटातली कळ: तासगाव तालुक्यातून सांगलीत आलेल्या एका मुलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

वीस वर्षांची मुलगी, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, लग्न झालेलं नाही. घर तासगाव तालुक्यातल्या एका गावात. थोडी द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, वैद्यकीय घटनाक्रम तसाच ठेवला आहे, आणि तिच्या परवानगीने लिहितेय.) मार्च महिना, म्हणजे शेडवर अख्खं घर राबत असतं. शनिवारी दुपारी चारच्या सुमारास द्राक्षांचं भरलेलं कॅरेट उचलून ती वळली आणि उजव्या ओटीपोटात अशी कळ आली की कॅरेट हातातून सुटलं. अर्ध्या तासात दोन उलट्या झाल्या.

घरातला पहिला अंदाज होता 'नळ भरले'. आपल्याकडे बेंबीखालच्या कुठल्याही दुखण्याला हे नाव चालतं, आणि ओवा-सैंधव, पोटाला शेक हे उपायही ठरलेले. तासाभराने फरक पडेना म्हणून गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट बघितलं, पाळी कधी आली होती ते विचारलं, तीन आठवडे झालेत म्हटल्यावर 'पाळीचं दुखणं असेल, पित्तही झालंय' असं सांगून दोन इंजेक्शनं दिली. दुखणं निम्म्याने उतरलं. सगळे निश्चिंत झाले.

रात्री साडेअकराला कळेनेच जाग आली. पहाटेपर्यंत ती गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिली. रविवारी सकाळी तालुक्याच्या ठिकाणच्या एका दवाखान्यात भरती केलं. रक्तात पांढऱ्या पेशी 12,400, लघवीत थोड्या पू-पेशी. सलाईन, अँटिबायोटिक, पेनकिलर सुरू झालं. अपेंडिक्सची शंका होती, पण रविवारी सोनोग्राफीला कुणी नव्हतं. दुपारी बारा-एकला पोरगी उठून बसली, दोनच्या सुमारास अर्धा कप चहा प्याली. 'उतार पडला' म्हणून वडील शेडवर परत गेले. तीन वाजता पुन्हा तीच कळ, पुन्हा उलटी. मग सांगलीला पाठवायचं ठरलं.

सोबतच्या चिठ्ठीवर एवढंच होतं: पोटदुखी, अपेंडिक्सची शंका, पुढील उपचारासाठी. शेवटच्या पाळीची तारीख नाही, कोणती इंजेक्शनं किती वाजता दिली ते नाही, गर्भधारणेची तपासणी केली की नाही तेही नाही.

आमच्याकडे पोचल्यावर

पाच वाजले होते. कळ सुरू होऊन पंचवीस तास. नाडी 104, रक्तदाब 110/70, ताप 99.2. जीभ कोरडी. उजव्या बाजूला खाली दाबल्यावर दुखत होतं, हात झटकन उचलला की जास्त दुखत होतं, पण पोट लाकडासारखं कडक झालेलं नव्हतं. दुखण्याची सगळ्यात तीव्र जागा अपेंडिक्सच्या नेहमीच्या बिंदूपेक्षा दोन बोटं खाली आणि आतल्या बाजूला. केस पेपरवर हे चित्र काढून ठेवलं ते बरं झालं, कारण शब्दांत 'उजवीकडे खाली' एवढंच उरतं.

आईने आल्या आल्या सांगितलं, "मॅडम, अपेंडिक्स हाय म्हणलेत. तेवढं काढून टाका, पोरीचे हाल बघवंनात."

आमच्या निवासी डॉक्टरने अल्वाराडो स्कोअर मांडला. 1986 पासून वापरात असलेला हा दहा गुणांचा हिशेब आहे. भूक मेली आहे 1, उलटी 1, उजव्या खालच्या कोपऱ्यात दाबल्यावर दुखणं 2, हात सोडल्यावर दुखणं 1, ताप 1, पांढऱ्या पेशी वाढलेल्या 2. बेरीज आठ. सात किंवा जास्त गुण झाले की अपेंडिसायटिसची, म्हणजे अपेंडिक्स सुजल्याची शक्यता दाट मानतात. म्हणजे कागदावर निर्णय झालेला होता: सर्जनला फोन करा, थिएटर तयार ठेवा.

हा स्कोअर पुरुषांमध्ये जेवढा खरा उतरतो, तेवढा पाळी सुरू असलेल्या वयातल्या बाईमध्ये उतरत नाही. त्यातले बहुतेक गुण 'पोटाच्या उजव्या कोपऱ्यात काहीतरी भडकलंय' एवढंच सांगतात. काय भडकलंय हे सांगत नाहीत. शिवाय तिचा तापाचा एक गुण अगदी काठावरचा होता. थर्मामीटर जरा खाली थांबला असता तर तोही गेला असता. आणि जो गुण तिला मिळाला नव्हता, तोच मला महत्त्वाचा वाटत होता. अपेंडिक्सचं दुखणं बहुधा बेंबीभोवती सुरू होतं, काही तासांनी उजवीकडे उतरतं, आणि मग तिथे ठाण मांडतं. हिचं दुखणं पहिल्या क्षणापासून उजवीकडेच होतं, एका हालचालीसरशी आलेलं होतं, कळ आणि उलटी जवळजवळ एकदमच, आणि मध्ये दोनदा जवळपास थांबलेलं.

तिला विचारलं, "आधी असं कधी झालं होतं का?"

"दोनदा झालंय. दिवाळीच्या सुट्टीत एकदा आणि जानेवारीत एकदा. तासभर दुखायचं, उलटी व्हायची, मग एकदम थांबायचं. आई म्हणायची पित्त हाय."

सकाळपासून तिला हा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता. या उत्तरानंतर माझ्या डोक्यात अपेंडिक्स दुसऱ्या क्रमांकावर गेलं. पहिल्यावर आला ओव्हरीचा (अंडाशयाचा) पीळ, म्हणजे ओव्हरी स्वतःच्या देठाभोवती फिरून तिचं रक्त अडणं.

पडद्याआडचं बोलणं

पाळीच्या वयातली कोणतीही मुलगी किंवा बाई ओटीपोटाच्या दुखण्याने आली की आमच्याकडे लघवीची गर्भधारणा तपासणी होते. लग्न झालंय का, नसबंदी झालीय का, पाळी कालच आलीय का, यातल्या कशावरही ती अवलंबून नसते. पण तपासणी करण्याची रीत महत्त्वाची. आईसमोर "बाळा, तुझे कुणाशी संबंध आहेत का?" असं विचारलं तर खरं उत्तर मिळण्याची शक्यता शून्य, आणि मुलीच्या मनातून आपण कायमचे उतरतो.

सिस्टर या कामात वाकबगार आहेत. "मावशी, काऊंटरला केस पेपर आणि रेशन कार्डाचं बघून या जरा, तोवर मी हिचे कपडे बदलते," असं म्हणून त्यांनी आईला बाहेर नेलं. पडदा ओढला. मी मुलीला सांगितलं की काही गोष्टी मी सगळ्याच मुलींना विचारते, उत्तर तुझ्या-माझ्यात राहील, आणि लघवीची एक तपासणी करायची आहे, ती गर्भधारणेची असते, चालेल का. ती म्हणाली तसं काही नाही मॅडम, पण करा. उत्तर 'नाही' आलं म्हणून तपासणी टाळायची नाही, हाही नियमच. तपासणी चोरून करू नये. तिला सांगूनच करावी. आमच्याकडचं सलाईन सुरू व्हायच्या आधीचा नमुना घेतला, कारण खूप पाणी गेलं की लघवी पातळ होते आणि अगदी सुरुवातीची गर्भधारणा निसटू शकते. तपासणी निगेटिव्ह आली.

ती पॉझिटिव्ह आली असती तर पुढचा सगळा रस्ता वेगळा होता. गर्भाशयाऐवजी नळीत राहिलेला गर्भ सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास फुटू शकतो, आणि तरुण शरीर बराच रक्तस्राव होईपर्यंत रक्तदाब धरून ठेवतं. नाडी तेवढी वाढत जाते. अशा वेळी दोन जाड सुया, रक्ताची जुळवणी, रक्तगट (निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन), आणि सोनोग्राफीची खोली लांब असेल तर पेशंटला तिकडे न पाठवता मशीनच खाटेशी आणणं, असं सगळं एकदम करावं लागतं. खांद्याच्या टोकाला दुखतंय असं पेशंट म्हणाली तर ते गांभीर्याने घ्यायचं. पोटात साचलेलं रक्त छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला लागलं की खांदा दुखतो. रक्तदाब खालावलेला असेल तर एकेका रिपोर्टची वाट बघत बसायला वेळ नसतो.

काही दवाखान्यांत अविवाहित मुलीची ही तपासणी टाळतात. 'नसती भानगड नको' हे कारण मी उघडपणे ऐकलेलं आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक ठरतं, याची धास्ती त्यामागे असते. कायदा आहेच, आणि तो पाळायचाच. पण तपासणीच केली नाही म्हणजे जबाबदारी टळली, ही समजूत एखाद्या मुलीच्या जिवावर बेतू शकते.

पेनकिलर द्यायचं का?

निवासी डॉक्टरचा प्रश्न होता, "सर्जन बघून जाईपर्यंत पेनकिलर थांबवू का? लक्षणं झाकली जातील." ही जुनी शिकवण अजून आपल्या वॉर्डांत जिवंत आहे. सोनोग्राफी-सीटी नव्हते तेव्हा तिला काही अर्थ होता. आता अभ्यासांनी दाखवून दिलंय की वेळेवर दिलेल्या पेनकिलरमुळे निदान चुकण्याचं प्रमाण वाढत नाही. तिला शिरेतून पॅरासिटामॉल आणि थोडं ट्रामाडॉल दिलं, उलटीचं इंजेक्शन दिलं. वीस-पंचवीस मिनिटांनी पोट सैल पडलं, आणि तेव्हाच उजवीकडे खोलवर गोलसर, हलणारं काहीतरी माझ्या हाताला लागलं. आधी ती पोटाला हात लावू देत नव्हती, तोवर ते कळणं शक्यच नव्हतं.

सोनोग्राफी, आणि 'फ्लो आहे' या शब्दांचा घोळ

अविवाहित मुलगी, संबंध आलेले नाहीत. म्हणून सोनोग्राफी पोटावरूनच करायची. त्यासाठी मूत्राशय भरलेलं लागतं, आणि ऑपरेशनची शक्यता असताना तिला लिटरभर पाणी पाजता येत नाही. सलाईनचा वेग वाढवून वाट बघितली. यात तासाभराहून जास्त वेळ गेला.

रेडिओलॉजिस्टना सात वाजता जे दिसलं ते असं: उजव्या ओव्हरीत सुमारे सात सेंटीमीटरची गाठ, तिच्यात चरबीचा पांढुरका गोळा आणि मागे सावली, म्हणजे बहुधा डर्मॉइड (आत केस, चरबी असलेली गाठ). ओव्हरी नेहमीच्या जागेवरून सरकून गर्भाशयाच्या पुढे, जवळपास मध्यावर आलेली. कडेने छोटी छोटी बीजं ढकलल्यासारखी. पोटात थोडं पाणी. डावी ओव्हरी ठीक. अपेंडिक्स दिसलं नाही. आणि डॉपलरवर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर, उजव्या ओव्हरीत धमनीचा रक्तप्रवाह दिसतोय.

या शेवटच्या ओळीवर बरंच काही अवलंबून होतं. रिपोर्टात 'रक्तप्रवाह आहे' असं छापून आलं की वाचणारा 'म्हणजे पीळ नाही' असं वाचतो. ओव्हरीला दोन बाजूंनी रक्त येतं. एक ओव्हरीच्या स्वतःच्या धमनीतून, दुसरं गर्भाशयाच्या धमनीच्या फांदीतून. पीळ बसतो तेव्हा आधी मऊ भिंतींच्या शिरा आणि लसिकावाहिन्या दाबल्या जातात, जाड भिंतीच्या धमन्या शेवटी. ठिबकची पातळ नळी थोड्या पिळानेच बंद पडते, पण तेवढ्याच पिळात मेन पाईपमधून पाणी येत राहतं, तसंच. रक्त आत येतं, बाहेर पडत नाही, ओव्हरी फुगते, आणि डॉपलर म्हणतो प्रवाह आहे. प्रवाह दिसला नाही तर पिळाची शंका पक्की होते. दिसला म्हणून शंका फिटत नाही.

रेडिओलॉजिस्टनी रिपोर्ट टाईप करायला देण्याआधी फोन केला. म्हणाले, "शिरेतला प्रवाह मला नीट मिळत नाहीये. पिळलेल्या देठाचा भोवरा दिसत नाही, पण ओव्हरीची जागा मला आवडलेली नाही. पीळ नाही असं मी लिहिणार नाही." छापील अहवालात अशी वाक्यं येत नाहीत. रात्रीच्या पेशंटसाठी फोन उचलून बोलणारा रेडिओलॉजिस्ट मिळणं हे मशीन कोणत्या कंपनीचं आहे यापेक्षा मोठं भाग्य, असं माझं स्पष्ट मत आहे.

समोर असलेले पर्याय

सव्वासातला सर्जन, मी आणि भूलतज्ज्ञ, तिघं बोललो. सर्जनांचा पहिला कल सीटी स्कॅनकडे होता. अपेंडिक्स दिसलेलं नाही, स्कोअर आठ आहे, तर एकदा खात्री करू. त्यात गैर काही नव्हतं. पण वीस वर्षांच्या मुलीच्या ओव्हरीवर किरणं पडणार, कॉन्ट्रास्टसाठी (स्कॅनच्या वेळी शिरेतून द्यायचं औषध) किडनीचा रिपोर्ट येईस्तोवर थांबायचं, स्कॅन आणि अहवाल धरून आणखी दीड-दोन तास. आणि सीटीनेही पीळ नाही असं छातीठोक सांगता येत नाही. मी विचारलं, "सीटीत अपेंडिक्स चांगलं दिसलं, तर आपण आज रात्री पोटात बघणार नाही का?" ते म्हणाले, बघणारच. मग सीटीचा मुद्दा संपला. उत्तर काहीही आलं तरी निर्णय बदलणार नसेल तर ती तपासणी रात्री आठ वाजता कशाला करायची?

सकाळपर्यंत अँटिबायोटिकवर ठेवून बघणं हा पर्याय घरच्यांना सगळ्यात जवळचा वाटत होता. पेनकिलरमुळे ती शांत झोपली होती, 'आता बरं वाटतंय तिला' असं चुलते तीनदा म्हणाले. दोन वेळा याच 'बरं वाटण्याने' सगळ्यांना फसवलेलं होतं. पीळ अर्धवट सुटतो, पुन्हा बसतो. मधल्या काळात माणूस उठून चहा पितो.

उजवीकडे नेहमीची तिरकी चीर देऊन अपेंडिक्स काढणं स्वस्त आणि सवयीचं. मात्र आत ओव्हरीचा प्रश्न निघाला तर त्या चिरेतून सात सेंटीमीटरची डर्मॉइड नीट हाताळता येत नाही. चीर वाढवावी लागते, किंवा मग घाईत ओव्हरीच काढली जाते. दुर्बिणीतून बघितलं की ओव्हरी, नळी, अपेंडिक्स सगळं एका नजरेत येतं, आणि जे सापडेल ते तिथेच निस्तरता येतं.

नळीच्या आणि ओटीपोटाच्या जंतुसंसर्गाचाही विचार झाला आणि लवकरच मागे पडला: ताप नाही म्हणावा इतका, अंगावरून काही जात नाही, दुखणं एकाच बाजूला. लघवीतल्या चार-सहा पू-पेशींवर सगळं खापर फोडणंही बरोबर नव्हतं. शेजारी काही सुजलेलं असलं की लघवीत तेवढं येतंच.

मिरजेच्या सरकारी दवाखान्यात नेण्याचा पर्याय आम्ही स्वतःहून मांडला. खर्चाचा प्रश्न खरा होता आणि तिथे तो कमी झाला असता. जायला अर्धा-पाऊण तास, तिथे नव्याने भरती, नव्याने तपासणी. हा वेळही सांगितला. वडील शेडवरून तोवर आले होते. त्यांनी थोडा विचार करून विचारलं, "तुमच्या घरची पोर असती तर?" मी म्हटलं, आत्ता, इथे, दुर्बिणीने. कागदपत्रं आरोग्य योजनेत बसवायचं काम आमच्या माणसाने सुरू केलं.

संमती कुणाची?

पॅसेजमध्ये नातेवाईकांची बैठक भरली होती. आई, वडील, चुलते, फोनवर मामा. आईचा प्रश्न एकच: "पिशवी तर काढणार न्हाय ना? पोरीचं लगीन व्हायचंय अजून." पिशवीला हात लागणार नाही हे तिला कागदावर चित्र काढून दाखवलं. मग दुसरा प्रश्न आला, डाग किती राहील. चुलत्यांचं म्हणणं होतं की पोरीला फार सांगू नका, घाबरेल, आम्ही सही करतो.

पण सही तिची लागते. ती सज्ञान आहे, शुद्धीवर आहे. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात हे अगदी स्पष्ट केलं आहे: दुर्बिणीने फक्त बघायला दिलेली संमती म्हणजे अवयव काढायची संमती होत नाही, आणि सज्ञान पेशंट भुलीत असताना तिच्या आईने दिलेली संमती चालत नाही, जीव वाचवण्यासाठी ताबडतोब करावंच लागलं तर गोष्ट वेगळी. म्हणून भूल देण्याआधीच सगळ्या शक्यता तिच्याशी बोलाव्या लागतात.

तिला सांगितलं: पीळ असेल तर सोडवू, गाठ काढता आली तर काढू, अपेंडिक्स खराब निघालं तर तेही काढू. ओव्हरी काळी दिसली तरी ठेवायचा प्रयत्न करू. मग क्वचित पुन्हा त्रास होऊ शकतो, दुसरं ऑपरेशनही लागू शकतं. तिने विचारलं, "एक गेली तर मूल होत नाही का?" होतं, एका ओव्हरीवरही होतं. थोडं थांबून म्हणाली, "तरी ठेवा. अगदीच जिवावरचं असलं तर काढा." हेच वाक्य संमतीपत्रावर तिच्या शब्दांत लिहून घेतलं.

या वयात ओव्हरीत गाठ म्हटल्यावर ट्यूमर मार्करचे (कर्करोगाचा अंदाज देणाऱ्या तपासण्यांचे) रक्तनमुने घेऊन ठेवले. रिपोर्टसाठी थांबलो नाही.

ऑपरेशन

साडेनऊला सुरुवात झाली. कॅमेरा आत जाताच काळपट जांभळी, फुगलेली उजवी ओव्हरी समोरच होती, देठाला अडीच वेढे. तळाशी थोडं लालसर पाणी. अपेंडिक्स गुलाबी, सडपातळ, निर्दोष. ते तसंच राहू दिलं.

वेढे सोडवले आणि थांबलो. गरम सलाईन सोडत दहा-पंधरा मिनिटं. नळीचा रंग लवकर पालटला. ओव्हरीचा जांभळेपणा जरा निवळला, काळपटपणा राहिलाच. टेबलवर सगळ्यात अवघड घटका हीच असते. डोळे म्हणतात मेलीय, काढून टाका. पूर्वी शिकवणही तशीच होती. पीळ सोडवला तर देठातली गुठळी फुप्फुसात जाईल अशी भीती असे, म्हणून न सोडवताच ओव्हरी काढायचे. अनुभव जमा होत गेला तसं दिसलं की पीळ सोडवल्याने गुठळीचा धोका वाढत नाही, आणि काळ्या दिसणाऱ्या ओव्हऱ्यांपैकी बहुतेक पुढे बीजं तयार करतात. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने किशोरवयीन मुलींसाठी 2019 मध्ये दिलेला सल्लाही हाच आहे: रंग कसाही असो, पीळ सोडवा, ओव्हरी ठेवा. रंगावरून मेलेली-जिवंत ठरवता येत नाही.

ओव्हरी ठेवली. डर्मॉइडचं काय करायचं यावर टेबलवरच चर्चा झाली, त्याबद्दल खाली लिहिलंय. गाठ सुटी करून प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घालून बाहेर काढली. आत केस आणि पिवळट लोण्यासारखा पदार्थ होता. त्यातला थोडा काढताना सांडला. तो पोटात राहिला तर रासायनिक दाह होतो, म्हणून पाणी स्वच्छ येईपर्यंत कित्येक लिटर गरम सलाईनने धुतलं. डर्मॉइड दर दहांत एखादीला दोन्हीकडे असते. डावी ओव्हरी नीट उलटसुलट बघितली, चांगली होती.

परिणाम

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठून चालली, तिसऱ्या दिवशी घरी गेली. मार्कर सामान्य आले. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट: साधी, पक्व डर्मॉइड, कर्करोग नाही. तीन महिन्यांनी केलेल्या सोनोग्राफीत उजवी ओव्हरी डावीपेक्षा थोडी लहान, पण आत बीजं दिसत होती आणि रक्तप्रवाह चांगला होता. पाळी नियमित. वर्षातून एकदा सोनोग्राफी करायला सांगितलंय. कुठल्याही बाजूला अशी कळ पुन्हा आली तर थेट यायचं, वाट बघायची नाही, आणि येताना ऑपरेशनचा कागद मोबाईलमध्ये असू दे, हेही सांगितलंय.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी संधी जानेवारीत होती. एकाच बाजूची, उलटीसकट येणारी आणि एकाएकी थांबणारी कळ दुसऱ्यांदा आली तेव्हा एक सोनोग्राफी झाली असती, तर डर्मॉइड तेव्हाच दिसली असती आणि ऑपरेशन सवडीने, दिवसाउजेडी, सुज नसताना झालं असतं. पाच सेंटीमीटरच्या वर गेलेल्या गाठीला पीळ बसण्याचा धोका वाढतो. त्यातही उजवीकडे जास्त, कारण डावीकडे मोठ्या आतड्याने जागा अडवलेली असते.

गावातल्या डॉक्टरांना दोष देण्यात मला रस नाही. त्यांच्याकडे मशीन नाही, बाहेर पेशंटची रांग, आणि इंजेक्शननंतर पोरगी खरंच बरी दिसत होती. त्यांच्या हातात दोन गोष्टी होत्या: लघवीतून गर्भधारणा तपासायची पट्टी, जी कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते, आणि 'दुखणं पुन्हा आलं तर सकाळची वाट न बघता जा' हे एक वाक्य. हे वाक्य शनिवारी संध्याकाळी आईच्या कानावर पडलं असतं, तर रात्रीचे सहा-सात तास वाचले असते.

रविवारची सोनोग्राफी हा आपल्या तालुक्यांचा जुना दुखणेकरी प्रश्न. त्यावर माझ्याकडे जादूचा उपाय नाही. पण सकाळी सातला अपेंडिक्सची शंका आणि सोनोग्राफी उपलब्ध नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच सांगलीला एक फोन करता आला असता. दुपारी तीनपर्यंत थांबण्याचं कारण 'उतार पडला' एवढंच होतं.

चिठ्ठीबद्दल: आम्ही आता पाठवणाऱ्या डॉक्टरांना व्हॉट्सअॅपवर चार ओळींचा नमुना देतो. शेवटची पाळी, गर्भधारणा तपासणीचा निकाल, दिलेली औषधं वेळेसकट, शेवटचं खाणंपिणं. 'शंका' या रकान्यात एकाच आजाराचं नाव लिहू नका अशी विनंतीही करतो. एकदा 'अपेंडिक्स' लिहिलं की आईपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळे तेच म्हणू लागतात, आणि नंतर येणारा प्रत्येक रिपोर्ट त्याच चष्म्यातून वाचला जातो.

आमच्याकडे मूत्राशय भरण्यात गेलेला वेळही कमी करता येतो. शंका दाट असेल तर बारीक कॅथेटरमधून सलाईन सोडून दहा मिनिटांत मूत्राशय भरता येतं. मुलीला विचारून, ती हो म्हणाली तर. या प्रकरणानंतर तशी सोय सोनोग्राफीच्या खोलीत ठेवली आहे.

एक मतभेद

सर्जन आणि माझं एका गोष्टीवर आजही जुळत नाही. त्यांच्या मते त्या रात्री फक्त पीळ सोडवून बाहेर यायला हवं होतं. सुजलेल्या ओव्हरीतून गाठ सोलताना चांगला भागही जातो, रक्त जास्त जातं, सहा-आठ आठवड्यांनी सूज उतरल्यावर तेच काम नीट झालं असतं. उजवी ओव्हरी थोडी लहान राहिली याकडे ते बोट दाखवतात. माझं म्हणणं, सात सेंटीमीटरची डर्मॉइड आत ठेवून तिला पुन्हा शेडवर पाठवलं असतं तर त्या सहा आठवड्यांत पुन्हा पीळ बसण्याची टांगती तलवार राहिली असती, आणि सुगीत दुसऱ्या ऑपरेशनला ती वेळेवर आली असतीच याचा भरवसा नव्हता. गाठीचा थर सहज सुटत होता म्हणून मी काढली. तो सुटला नसता तर मीही थांबले असते. पुढची अशी केस आली की हा वाद पुन्हा टेबलवरच होणार आहे.